आधी विद्यार्थ्याचं काम, मग शिक्षकाचं बोलणं

विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम कसा बांधलेला असतो, त्यातला कोणता भाग विद्यार्थ्याला खरोखर शिकवतो आणि कोणता नुसता पडद्यावरून सरकून जातो, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. शिक्षणशास्त्रात याला अनुदेशन रचना म्हणतात. हे काम मी यावलमध्ये राहून करते. पुण्या-मुंबईच्या परिषदांमध्ये मला हटकून विचारलं जातं, यासाठी यावल का? माझं उत्तर सरळ आहे. ऑनलाइन शिक्षण ज्यांच्यासाठी आहे असं प्रत्येक धोरणात लिहिलेलं असतं, ती माणसं इथे राहतात.

दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा आणि मध्ये केळीच्या बागा, असा हा तालुका. डोंगराकडे पावरा आणि तडवी वस्त्या आहेत. त्यांच्यासाठीचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यावल गावातच आहे. पदवीपर्यंतची महाविद्यालयं यावलला आणि फैजपूरला आहेत. त्यापुढचं हवं असेल तर बहुतेकांना जळगाव गाठावं लागतं. लग्न होऊन सासरी आलेली मुलगी, बागायत सांभाळणारा शेतकरी, पाड्यावर फिरणारी आशा सेविका, पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा, यांना रोज वर्गात बसणं शक्य नसतं. शिकायची इच्छा मात्र असते, आणि ती मी जवळून पाहिली आहे. म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रम चांगला असावा ही माझ्यासाठी केवळ अकादमिक बाब उरलेली नाही. वाईट बांधलेला अभ्यासक्रम या माणसांचा वेळ खातो आणि वर ‘आपल्याला शिकणं जमत नाही’ असा समज त्यांच्या मनात पक्का करून जातो. हे दुसरं नुकसान पहिल्यापेक्षा मोठं आहे.

हा विषय मला पहिल्यांदा भेटला तो छापील पुस्तकात. तालुक्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची समंत्रक म्हणून सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रं घेत असे. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं; डॉ. राम ताकवले त्याचे संस्थापक कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पुरा करून पदवीकडे जाण्याची वाट या विद्यापीठाने करून दिली. आमच्या केंद्रावर येणाऱ्यांत या वाटेने आलेले बरेच असत.

त्यांच्या हातातली पुस्तकं नेहमीच्या क्रमिक पुस्तकांपेक्षा वेगळी होती. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं. मग काही पानांचा मजकूर, आणि लगेच स्वयं-अध्ययन प्रश्न. उत्तरं घटकाच्या शेवटी दिलेली. पुढे सारांश, पारिभाषिक शब्द, सरावासाठी स्वाध्याय आणि क्षेत्रीय कार्य, म्हणजे गावात जाऊन करायचं काहीतरी. आतल्या पानावर लेखक आणि विषय संपादक यांच्याबरोबर अनुदेशन तंत्र संपादकाचंही नाव असे. विषय बरोबर आहे की नाही हे पाहणारा माणूस वेगळा आणि एकट्याने वाचणाऱ्याला तो कळेल की नाही हे पाहणारा वेगळा, हा विचार त्या एका नावामागे होता. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९मध्ये उभं राहिलं तेव्हापासून एका माणसाऐवजी गटाने पाठ तयार करण्याची ही पद्धत दूरशिक्षणात रुजली. स्वीडनचे अभ्यासक ब्योर्ये होल्मबर्ग यांनी तिच्यामागचं तत्त्व मांडलं: दूर बसलेल्या विद्यार्थ्यासाठीचा मजकूर हा त्याच्याशी चाललेला संवाद असला पाहिजे. मजकुराने विचारावं, थांबावं, विद्यार्थ्याचं उत्तर गृहीत धरून पुढे बोलावं.

याचा अर्थ मला संपर्कसत्रांत कळला. ज्यांनी ते मधले प्रश्न सोडवलेले असत, ते पुस्तक उघडून अडलेली जागा बोटाने दाखवत. ज्यांनी नुसतं वाचलेलं असे ते म्हणत, “मॅडम, सगळंच अवघड आहे.” पहिल्या गटाला मी पाच-दहा मिनिटांत मदत करू शके. दुसऱ्या गटाला मदत करायची कुठून हेच कळत नसे, कारण कुठे अडलं हे त्यांनाही माहीत नव्हतं. आपल्याला काय येत नाही हे विद्यार्थ्याला कळणं, ही शिकण्याची पहिली पायरी आहे आणि ती पायरी पुस्तकाच्या रचनेतून तयार होते, हे मी तिथे शिकले.

पुढे ऑनलाइन अभ्यासक्रम आले. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७मध्ये सुरू झालं. त्यातल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला चार अंगं ठरवून दिलेली आहेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. कागदावर ही चौकट चांगली आहे. मुक्त विद्यापीठाच्या घटकाशी तिचं नातं सहज दिसतं. २०२०मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नवे नियम केले. २०२१पासून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थ्याला ‘स्वयम्’वर पुरे करता येऊ लागले, आधी ही मर्यादा २० टक्के होती. मधल्या काळात कोरोनाने सगळ्याच शिक्षकांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. अभ्यासक्रमांची संख्या झपाट्याने वाढली. ते बांधायचे कसे, हे शिकायला शिक्षकांना वेळ मिळाला नाही.

माझं संशोधन इथून सुरू झालं. प्रश्न एकच ठेवला: या अभ्यासक्रमातलं प्रत्येक मिनिट विद्यार्थ्याकडून काय मागतं? त्यासाठी एक तक्ता तयार केला. डाव्या रकान्यात वेळ, मग शिक्षक काय करतो, मग विद्यार्थ्याने काय करणं अपेक्षित आहे, आणि शेवटच्या रकान्यात, विद्यार्थ्याने ते केल्यावर त्याला उत्तरादाखल काय मिळतं. कला आणि वाणिज्य शाखांचे पदवी स्तरावरचे अभ्यासक्रम घेतले आणि एकेक व्हिडिओ थांबवत, मागे नेत भरायला लागले. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण दुसरा मार्ग नाही. व्हिडिओ सलग पाहिला की शिक्षकाच्या बोलण्याच्या ओघात आपणही वाहून जातो आणि पाठ चांगला होता असं वाटतं. तक्ता भरायला लागलं की तिसरा आणि चौथा रकाना पानामागून पान कोरा राहतो. शिक्षक बोलत आहे, विद्यार्थी ऐकत आहे, त्याच्याकडून कसली मागणी नाही आणि म्हणून त्याला कसला प्रतिसादही नाही.

उद्दिष्टं जवळपास सगळीकडे होती. पण त्यांची क्रियापदं पाहिली की अडचण समजते. ‘माहिती होईल’, ‘समजेल’, ‘ओळख होईल’. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६मध्ये उद्दिष्टांची उतरंड मांडली, २००१मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, बी.एड. केलेल्या प्रत्येकाला ती पाठ असते. तिचा उपयोग उद्दिष्ट लिहिण्यापेक्षा उद्दिष्ट आणि चाचणी यांचा मेळ तपासण्यासाठी अधिक आहे. एका अर्थशास्त्राच्या घटकात उद्दिष्ट होतं की ग्रामीण पतपुरवठा करणाऱ्या संस्थांची तुलना करता येईल. शेवटच्या चाचणीत प्रश्न होता, नाबार्डची स्थापना कोणत्या वर्षी झाली? १९८२ हे उत्तर पाठ करून कोणीही पुढे जाईल. दरवर्षी विकास सोसायटीचं पीककर्ज उचलणारा आणि राष्ट्रीयीकृत बँकेतही खातं असलेला इथला विद्यार्थी या दोन्हींची तुलना खरं तर शिक्षकापेक्षा बारकाईने करू शकेल. त्याला ती कोणी विचारली नाही.

प्रतिसादाची स्थिती याहून वाईट होती. उत्तर चुकलं की लाल खूण आणि बरोबर पर्याय, एवढंच. का चुकलं हे कुठेच नाही. पडद्यावर लिहिलेली वाक्यंच वाचून दाखवणारे व्हिडिओही पुष्कळ. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं आहे की आकृतीबरोबर शिक्षकाचा आवाज असेल तर तेच शब्द पुन्हा पडद्यावर लिहून भर पडत नाही, उलट लक्ष विभागतं. वाचायचं की ऐकायचं या ओढाताणीत आकृती बघायची राहून जाते.

तक्ते भरून झाल्यावर मी विद्यार्थ्यांशेजारी बसायला लागले. परवानगी घेऊन, त्यांच्या जागी, त्यांच्या वेळेला. व्हिडिओ पाहताना मनात जे येईल ते मोठ्याने बोला, एवढीच विनंती असे. सुरुवातीला सगळेच संकोचतात. ही आपली परीक्षा आहे असं वाटतं. ती अभ्यासक्रमाची परीक्षा आहे, तुमची नाही, हे पटवायला वेळ द्यावा लागतो. एकदा पटलं की माणसं मनमोकळं बोलतात.

चाळिशी ओलांडलेले एक केळी बागायतदार बी.ए. करत होते. कृषिपंपाची वीज ठरावीक दिवशी दिवसा आणि उरलेल्या दिवशी रात्री असते. “आज रातची लाइट आहे” असं ते सांगत, म्हणजे आज अभ्यास शेतात, मोटर चालू असताना, शेडमध्ये बसून. मोबाइल, हेडफोन आणि मोठी वही. या यावलमध्ये एके काळी देशी कागद तयार होत असे. आजच्या ऑनलाइन विद्यार्थ्याचंही इथलं पहिलं साधन कागदच आहे. ते व्हिडिओ वारंवार थांबवून पडद्यावरचं सगळं उतरवून घेत. वही सुंदर भरत होती. व्हिडिओ संपल्यावर मी विचारलं की यातलं मुख्य काय होतं, तर थोडं थांबून म्हणाले, “पाह्यलं सारं, लिहिलं सारं, पन मले सांगता नाही येत.” त्यांच्या प्रामाणिकपणाने मला संशोधनाचा अर्धा निष्कर्ष दिला. उतरवून घेण्यात त्यांची सगळी शक्ती जात होती, आणि आठवून सांगण्याची वेळ अभ्यासक्रम त्यांच्यावर कधीच आणत नव्हता. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच उतारा काहींनी पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. आमचे विद्यार्थी पाच मिनिटांच्या समाधानावर अभ्यास करतात, कारण अभ्यासक्रमच त्यांना ते समाधान देतो.

एक आशा सेविका स्वयंपाक करताना व्हिडिओ लावून ठेवत. भाकरी थापताना कानावर जे पडेल ते पडेल. व्यासपीठावर त्यांच्या नावापुढे तो पाठ ‘पूर्ण’ दिसे. मोबाइल नवऱ्याचा, तो कामावरून आल्यावरच हाती येणारा. आणि शेजारची मैत्रीण, जिची नोंदणीही त्याच वर्गात होती, ती याच मोबाइलवर सोबत ऐके. नोंदीत एक विद्यार्थिनी, प्रत्यक्षात दोन. मुली झोपल्यावर त्या दोघी एकमेकींना ऐकलेलं सांगत. त्यांचं खरं शिकणं त्या बोलण्यात होत होतं आणि त्याचा माग कोणत्याही यंत्रात नव्हता.

हे पाहिल्यावर आकडेवारीकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. फिलिप ग्वो, जूहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४मध्ये एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या ६९ लाख व्हिडिओ-पाहण्यांचा अभ्यास करून दाखवलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. लहान व्हिडिओ आणि हाताने लिहीत समजावणं जास्त टिकवून धरतं. हे संशोधन मोलाचं आहे आणि मी ते माझ्या कामात वापरते. पण ‘व्हिडिओ चालू होता’ आणि ‘विद्यार्थी शिकत होता’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. यावलमध्ये एका मोबाइलमागे किती माणसं आहेत, व्हिडिओ चालू असताना हात कशात गुंतले आहेत, हे नोंदीवरून कळत नाही. त्यासाठी शेजारी बसावंच लागतं.

तिसरा विद्यार्थी यावलच्या वसतिगृहात राहणारा पावरा मुलगा. घरची भाषा पावरी, शाळेची मराठी, आणि व्हिडिओ इंग्रजी-हिंदी मिश्रित. तिसऱ्या-चौथ्या भाषेतून शिकत असूनही त्याची समज चांगली होती. अडचण दिवसांची होती. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. त्या दिवसांत तो पाड्यावर जाई आणि तिथे रेंज नसे. नेमक्या त्याच आठवड्यात स्वाध्यायाची मुदत संपे. मुदत गेली की गुण गेले. अशा एक-दोन मुदती गेल्यावर विद्यार्थी पुढचे पाठ उघडतच नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं. केळीच्या कांदेबागाच्या लागवडीच्या दिवसांत शेतकरी कुटुंबातल्या मुलांचंही हेच होतं. स्वाध्यायाची मुदत किती लवचीक असावी, पाठ उतरवून ठेवता यावा की नाही, हेदेखील अनुदेशन रचनेचेच प्रश्न आहेत. ते तांत्रिक विभागाकडे सोपवून शिक्षकाला मोकळं होता येणार नाही.

निरीक्षण करून थांबणं मला पटलं नाही. म्हणून संख्याशास्त्राचा एक घटक पुन्हा बांधायला घेतला: मध्य, मध्यक आणि बहुलक. मूळ पाठ व्याख्येने सुरू होई, मग सूत्र, मग इतर प्रांतातल्या कारखान्यातल्या कामगारांच्या पगाराचं उदाहरण. मी क्रम उलटा धरला. हा घटक संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे? समोर आलेल्या आकड्यांसाठी मध्य घ्यावा की मध्यक, हे ठरवता आलं पाहिजे आणि का ते सांगता आलं पाहिजे. मग ते करायला लावणारं काम कोणतं? ते शोधायला मला लांब जावं लागलं नाही. केळी कापणीच्या वेळी इथे रास काढतात, म्हणजे घडांचं सरासरी वजन. बऱ्हाणपूरच्या बाजारभावाबरोबर रासेची चर्चा प्रत्येक ओट्यावर चालते. ज्याला ‘अंकगणितीय मध्य’ अवघड वाटतो, तो लहानपणापासून रास ऐकत आलेला आहे.

नव्या पाठात पहिल्या मिनिटाला विद्यार्थ्यासमोर आठ घडांची वजनं येतात: १८, १९, १९, २०, २०, २१, २१, २२ किलो. रास २०ची. मग सांगितलं जातं की विषाणूमुळे नीट न पोसलेला ११ किलोचा नववा घडही काट्यावर चढला. रास किती होईल आणि मधल्या घडाचं वजन किती होईल, याचा अंदाज आधी लिहा. मग आकडेमोड करा. मध्य १९वर उतरतो, मध्यक २०वरच राहतो. मग पुढचा प्रश्न: व्यापाऱ्याला माल सांगताना कोणता आकडा प्रामाणिक? बाग एकूण कशी पोसली हे स्वतःला समजून घेताना कोणता उपयोगी? यानंतर शिक्षकाचा आवाज येतो आणि जे विद्यार्थ्याने करून पाहिलं त्याला नाव देतो, सूत्र देतो.

प्रतिसाद लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कोणी २१च्या पुढचं उत्तर लिहिलं, तर त्याने बेरजेत नववा घड धरला आणि भागताना आठानेच भागलं, असं समजायला हरकत नाही. त्याला तसंच सांगायचं: “बेरीज बरोबर आहे, घड पुन्हा मोजा.” कोणी २०च ठेवलं तर त्याला विचारायचं, नववा घड धरला का? प्रत्येक चुकीमागे एक विचार असतो. तो ओळखून उत्तर देणं हे वर्गातला चांगला शिक्षक सहज करतो. ऑनलाइन पाठात ते आधीच कल्पून लिहावं लागतं. त्यासाठी आपले विद्यार्थी कसे चुकतात याची वर्षानुवर्षांची जाण हवी. ही जाण तालुक्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्या शिक्षकांकडे भरपूर आहे, आणि अभ्यासक्रम तयार करणाऱ्या मंडळांवर त्यांना क्वचितच बोलावलं जातं.

या कामात मला दोन महाराष्ट्रीय उदाहरणांचा आधार मिळाला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली साधारण दहा मिनिटांचे पाठ तयार झाले. पाठ एका बाजूला चालू ठेवून दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्याने तेच करून पाहायचं, अशी त्यांची बांधणी. ध्वनिमुद्रणापूर्वी पाठाची संहिता त्या विषयात नवख्या असलेल्या माणसाला देऊन तपासली जाते आणि आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिला जातो. त्याच संस्थेतल्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची चौकट २०१८च्या सुमारास मांडली. व्हिडिओच्या मध्येच विद्यार्थ्याने थांबून विचार करायच्या जागा, लगेच करून पाहायची कामं, पातळीनुसार पुढे जायच्या वाटा आणि परस्परांशी अर्थपूर्ण चर्चा, हे तिचे भाग. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकातला स्वयं-अध्ययन प्रश्न इथे नव्या रूपात भेटला, तेव्हा मला फार आनंद झाला. साधनं बदलली तरी शिकण्याचं तत्त्व कायम राहिलं होतं.

नवा घटक विद्यार्थ्यांबरोबर चालवला तेव्हा फरक दिसला. ते व्हिडिओ उतरवून घेण्यासाठी थांबवेनात. गणित करण्यासाठी थांबवू लागले. बागायतदार विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कापणीचे आकडे घेऊन मध्यक काढून दाखवला. सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे मोबाइलच नव्हता त्यांना या रचनेने काही दिलं नाही. काहींना सुरुवातीलाच प्रश्न आलेला आवडला नाही. “आधी शिकवा, मग विचारा” असं ते म्हणाले, आणि त्यांच्यासाठी पहिलं काम अधिक सोपं करावं लागलं. कष्टही फार पडले. एका घटकाला लागणाऱ्या वेळात नेहमीच्या पद्धतीने कितीतरी व्याख्यानं चित्रित झाली असती.

चर्चेच्या अंगाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं. व्यासपीठावरची चर्चेची पानं बहुतेक ओस असतात. त्यावरून विद्यार्थ्यांना चर्चा नको आहे असा निष्कर्ष काढला जातो. मी पाहिलेल्या विद्यार्थ्यांचा मात्र स्वतःचा व्हॉट्सअॅप गट होता आणि तो रात्री उशिरापर्यंत जागा असे. तिथे लिहिणं कमी, बोलणं जास्त. लेवा बोलीत, अहिराणीत, तडवी बोलीत आवाजी संदेश जात. कोणी प्रश्न विचारी, कोणी आपल्या भाषेत समजावून सांगे, आणि ते समजावणं अनेकदा अचूक असे. शुद्ध मराठीत किंवा इंग्रजीत, प्राध्यापकांच्या देखत, लेखी प्रश्न विचारायचा म्हटला की हीच मुलं गप्प होतात. जळगावच्या आमच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या या स्त्रीचं ज्ञान तिच्या बोलीतूनच जगासमोर आलं. त्या विद्यापीठाच्या परिसरात बोलीतून विचारलेल्या शंकेला अभ्यासक्रमात अधिकृत जागा असायला हवी. आवाजी प्रश्न स्वीकारणं आज तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही.

हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांवर जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेस-वालिएंते यांनी २०१९मध्ये लिहिलं, तेव्हा २०१७-१८मध्ये नोंदणी करणाऱ्यांपैकी साधारण ३ टक्केच अभ्यासक्रम पुरा करत होते असं दिसलं. जगातल्या सर्वात साधनसंपन्न संस्थांची ही गत असेल, तर गळतीचं खापर यावलच्या विद्यार्थ्याच्या आळसावर फोडणं अन्यायाचं आहे. ऐकण्यापलीकडे काही न मागणारा अभ्यासक्रम कुठलाही माणूस अर्ध्यात सोडतो. जे टिकून राहतात ते बहुधा आधीच शिकायला शिकलेले असतात, आणि ऑनलाइन शिक्षणाची खरी गरज त्यांना सर्वांत कमी असते.

म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करायला बसणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना काही गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत. कॅमेरा लावण्याआधी, विद्यार्थी काय करणार आहे ते कागदावर लिहा. त्याच्या संभाव्य चुका लिहा आणि प्रत्येकीला उत्तर लिहा. चाचणी उद्दिष्टाशी ताडून पाहा. आपलं बोलणं त्यानंतर ठरवा. ते आपोआप निम्म्याने कमी होईल. विद्यापीठांनी या कामाला व्याख्यानाइतकंच नव्हे, ग्रंथलेखनाइतकं मोल आणि वेळ द्यावा, आणि प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रमावर अनुदेशन तंत्र पाहणाऱ्या माणसाची नेमणूक करावी. मराठीत ही परंपरा नाशिकला आधीच उभी राहिलेली आहे. आणि पाठ प्रसारित होण्यापूर्वी एकदा तरी, ज्याच्यासाठी तो केला आहे अशा विद्यार्थ्याशेजारी, त्याच्या घरी किंवा शेतात बसून तो पाहा. एवढं झाल्याशिवाय कोणत्याही चित्रित व्याख्यानमालेला विद्यापीठाचा अभ्यासक्रम म्हणू नये.